आतड्याची माया

२०२२ सालच्या जूनचा दुसरा आठवडा होता. रात्री जेवण आटोपून उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडला होता, तेवढ्यात खानापूर तालुक्यातून भाच्याचा फोन आला. एरवी "मामा, जेवण झालं काय?" म्हणून सुरुवात करणारा पोरगा एकदम म्हणाला, "मामा, पिल्लं बसूलालीत. पंख सोडून बसतात, उठवली तरी उठत न्हाईत. आज अकरा गेली."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने गाव गाठलं. मी कॉलेजात मराठी शिकवतो. कोंबडीशी माझा संबंध ताटापुरता, आणि लहानपणी तिन्हीसांजेला खुराड्याचं दार लावण्यापुरता. तेव्हा या पानावर मी कोंबडीच्या पोटाविषयी काय लिहिणार, असं वाचकांना वाटणं साहजिक आहे. पण त्या आठवड्यात जे पाहिलं ते विसरता येत नाही. आपल्या भागात कितीतरी घरांच्या परड्यात आज शंभर-दोनशे पक्ष्यांची शेड उभी आहे. कुणाच्या मुलाने नोकरी सुटली म्हणून घातली आहे, कुणा बाईने बचत गटाच्या कर्जातून घातली आहे. त्यातल्या एखाद्या घराला जरी उपयोग झाला, तरी हे लिहिणं सार्थकी लागलं म्हणेन.

तीनशे लेकरं

भाचा आयटीआय होऊन उद्यमबागेत एका कारखान्यात लागला होता. २०२० च्या टाळेबंदीत ते काम सुटलं. दोन वर्षं मिळेल ते करून झाल्यावर त्याच्या मनाने कोंबड्या घेतल्या. माझी बहीण गावातच दिलेली आहे. आमच्या जुन्या घराच्या परड्यात जागा होती, तिथं शेड उभी राहिली. निम्मे पैसे बहिणीच्या बचत गटाचे, निम्मे माझे. माझे म्हणजे मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेले. सौ.ला मी सांगितलं होतं, "सहा महिन्यांत परत येतील."

मेच्या मध्याला गिरिराजाची एक दिवसाची तीनशे पिल्लं आली. ही जात आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी परड्यातल्या कोंबडीपालनासाठी ती तयार केली. रंगीत पिसं, जवारी कोंबडीसारखी काटक आणि वजनाला तिच्याहून कितीतरी भारी. एक गुण मात्र तिच्यात जवळजवळ नाहीच. ही कोंबडी सहसा खुडूक बसत नाही. अंडी यंत्रात उबवतात, पिल्लं ट्रेमध्ये जन्मतात आणि खोक्यातून घरी येतात.

खोकी उघडली तेव्हा माझी आई शेडच्या दारात उभी होती. पिवळ्या-करड्या पिल्लांचा तो किलबिलाट ती बराच वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "एवढी तीनशे लेकरं, आणि एकालाबी आई न्हाई." आम्ही हसलो. तिच्या स्वतःच्या चार जवारी कोंबड्या होत्या. त्यातली एक त्याच दिवसांत नऊ पिल्लं घेऊन परड्यात उकरत फिरत होती.

पुडी आणि टॉनिक

मी पोचलो तेव्हा पाऊस धो धो लागला होता. खानापूरचा पाऊस काय असतो हे या बाजूच्या वाचकांना सांगायला नको. पाणी आत येऊ नये म्हणून भाच्याने शेडचे चारी पडदे खालपर्यंत सोडले होते. आत पाऊल टाकलं आणि डोळे चुरचुरले. दोनशे पिल्लांच्या जागेत तीनशे होती, आणि चार आठवड्यांत ती चांगली वाढलीही होती. पाण्याची भांडी जमिनीवर ठेवलेली, त्यांच्याभोवती भाताचा तूस भिजून काळा पडलेला. कोपऱ्यात वीस-पंचवीस पिल्लं एकमेकांना चिकटून, डोळे मिटून बसली होती. आणि खाली, तुसावर, जागोजागी रक्त.

मरतुक सुरू होऊन तीन दिवस झाले होते. पहिल्याच दिवशी भाचा तालुक्याच्या एका दुकानातून औषध घेऊन आला होता. दुकानदाराने पक्षी पाहिला नाही, काही विचारलंही नाही. "हगवण लागली? ही पुडी पाण्यात घाल, आणि अशक्तपणाला हे टॉनिक." पुडी प्रतिजैविकाची होती, टॉनिक ब जीवनसत्त्वाचं. दोन्ही तीन दिवस चालू होती आणि मरतूक वाढतच चालली होती.

आमच्या सासूबाई, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या अव्वा, माझ्याबरोबर आल्या होत्या. बैलहोंगलकडच्या त्या, आयुष्यभर कोंबड्या पाळलेल्या. त्या आत आल्या, वाकून मूठभर तूस उचलला, दाबला आणि म्हणाल्या, "नेल हसी ऐती." जमीन ओली आहे. एवढंच. नंतर बाहेर जाऊन आईशेजारी पायरीवर बसल्या. एकीला मराठी, दुसरीला कानडी. पण कोंबड्यांविषयी बोलताना त्यांना दुभाषा कधी लागत नाही.

पोट उघडलं तेव्हा

दुपारी गुरांचे डॉक्टर आले. हातात मोजे चढवले आणि नुकतंच गेलेलं एक पिल्लू दाराजवळच्या फळीवर घेतलं. भाच्याला म्हणाले, "रोग कुठं आहे ते बघितल्याशिवाय औषध कसं देतोस? ये, बघ." त्याच्याबरोबर मीही पाहिलं.

कोंबडीला दात नाहीत, हे आपण म्हणीसारखं बोलतो. पण मग ती चावते कुठं, हे मी कधी मनात आणलं नव्हतं. गळ्याच्या तळाशी एक पिशवी असते, पुस्तकातलं तिचं नाव अन्नपुट. टिपलेला दाणा आधी तिथं जमतो, ओला होतो, मऊ पडतो. तिथून तो एका लहान ग्रंथिल जठरात जातो. आम्ल आणि पाचकरस तिथं मिसळतात. त्यापुढं येतो आपल्या ओळखीचा पेटा. घरी कोंबडी साफ करणाऱ्या प्रत्येकीला तो माहीत आहे. आतली पिवळसर-हिरवट साल सोलून काढावी लागते. तो पेटा म्हणजे कोंबडीचं जातं. जाड स्नायू आवळतात, सैल होतात, आणि कोंबडीने गिळलेले बारीक खडे आतल्या दाण्याचं पीठ करतात. परड्यातली कोंबडी माती उकरताना खडेही टिपते, ते उगाच नाही.

तिथून पुढं लहान आतडं. त्याचा पहिला भाग केसातल्या आकड्यासारखा वळलेला, आणि त्या वळणात फिकट गुलाबी स्वादुपिंड. डॉक्टरांनी आतडं उभं चिरून पाण्यात धरलं. आतला थर मखमलीसारखा दिसला. त्या मखमलीचा एकेक धागा म्हणजे अन्नरस शोषणारा अंकुर. "खाद्याचे पैसे वसूल होतात ते इथं," ते म्हणाले. "हा थर सोलला गेला, की पोत्यामागून पोतं घाल, पक्षी भरायचा नाही." खर्चात सर्वांत मोठा वाटा खाद्याचाच असतो, हे कोंबडी पाळणाऱ्याला सांगावं लागत नाही.

लहान आणि मोठं आतडं जिथं जुळतं, तिथं दोन्ही बाजूंना एकेक बंद पिशवी लोंबत होती. यांना अंधनाल म्हणतात. पुढं वाट नाही म्हणून आंधळी. लहान आतड्यात जे पचलं नाही त्यातला बारीक, पातळ भाग इथं शिरतो आणि कोट्यवधी जिवाणू तो आंबवतात. आपल्या घरी इडलीचं पीठ रात्रभर आंबतं, तसंच काहीसं. निरोगी पक्ष्यात त्यांत तपकिरी, घट्टसर ऐवज असतो. त्या पिल्लाच्या दोन्ही पिशव्या फुगून गर्द लाल झाल्या होत्या. डॉक्टरांनी कात्री लावली. आत नुसतं रक्त होतं, काही गुठळ्या झालेलं.

भाचा उठून बाहेर गेला.

ओल आणि जंतू

या रोगाला आपल्याकडं रक्ती हगवण म्हणतात. तो कॉक्सिडिया नावाच्या एकपेशी परजीवीमुळं होतो. कोंबडीत त्याच्या आयमेरिया वंशाच्या अनेक जाती आढळतात आणि प्रत्येकीची आतड्यातली जागा ठरलेली असते. अंधनालात घर करणारी जात सर्वांत रक्तबंबाळ. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्याच्या सुमारास पिल्लांना तिचा धोका जास्त.

डॉक्टरांनी तिचा फेरा समजावून सांगितला. रोगी पक्ष्याच्या विष्ठेतून या परजीवीची सूक्ष्म अंडी बाहेर पडतात. पडल्या पडल्या ती बाधक नसतात. त्यांना ऊब, हवा आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत ती तयार होतात. मग दुसरं पिल्लू दाण्याबरोबर ती टिपतं. एका अंड्यापासून आतड्यात हजारो जीव तयार होतात, आतड्याच्या पेशी फोडून बाहेर येतात, आणि साधारण आठवड्याभरात पुन्हा विष्ठेतून तुसावर. कोरड्या तुसावर त्यातली बरीच अंडी वाया जातात. ओल्या तुसावर मात्र त्यांचं रान मोकळं. नेहमीच्या फिनेलने ती मरत नाहीत, इतकी त्यांची कवचं चिवट.

आम्ही काय केलं होतं, ते आता उलगडत गेलं. पडदे बंद करून ओल आणि ऊब कोंडली. भांडी खाली ठेवून पाणी सांडू दिलं. दाटी केली. दुकानातली पुडी जिवाणूंवरची होती, आणि हा जिवाणू नव्हेच. तेव्हा त्याला काही झालं नाही. उलट आतड्यात जे उपयोगी जिवाणू होते त्यांच्यावर मात्र तो मारा झाला. टॉनिकची गोष्ट तर मला जास्तच लागली. कॉक्सिडियावर जे ॲम्प्रोलियम नावाचं औषध देतात, ते ब१ जीवनसत्त्वाची नक्कल करतं. परजीवी फसतो, खरं जीवनसत्त्व त्याला मिळत नाही आणि तो उपाशी मरतो. त्या औषधाबरोबर ब जीवनसत्त्वाचं टॉनिक चालू ठेवलं, तर औषधाचा जोर कमी होतो. म्हणजे योग्य औषध आणलं असतं, तरी ते टॉनिक आडवं आलं असतं.

त्या दिवशी पुडी आणि टॉनिक बंद झालं. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध तेवढे दिवस पाण्यातून दिलं. ओला तूस पोत्यांत भरून लांब नेला, कोरडा आणून पसरला, पडद्यांचा वरचा भाग उघडला. मेलेली पिल्लं खड्ड्यात चुना घालून पुरली. पाचव्या दिवशी मरतूक थांबली. तोवर चौऱ्याण्णव गेली होती. वाचलेल्यांतलीही कितीतरी पुढं खुरटीच राहिली. आतड्याला एकदा पडलेले व्रण सहज भरत नाहीत. सहा महिन्यांनी विक्री झाली, तेव्हा खाद्याचेही पैसे सुटले नाहीत.

आईच्या कोंबडीची पिल्लं

या सगळ्यात एक प्रश्न माझ्या मनातून जाईना. त्याच परड्यात, त्याच पावसात आईच्या कोंबडीची नऊ पिल्लं होती. एक घारीने नेलं. बाकीची आठ ठणठणीत. त्यांना ना औषध, ना टॉनिक.

मी डॉक्टरांना विचारलं. वाटलं होतं, ते म्हणतील, जवारी कोंबडी काटक असते. ते म्हणाले, "सर, तुमच्या आईच्या कोंबड्यांच्या पोटातही हा जंतू असणारच. मोठ्या कोंबड्या तो बाळगून असतात. कदाचित परड्यात तो त्यांनीच पसरवला असेल." मग फरक कुठं? ते म्हणाले, फरक मात्रेचा. आईमागं फिरणारी आठ-नऊ पिल्लं मोकळ्या जागेत उकरतात. रोज थोडी थोडी अंडी पोटात जातात. त्या थोड्या लागणीतून आतड्याला जंतूची ओळख होते, आणि प्रतिकार तयार होतो. शेडमधल्या तीनशे पिल्लांवर तोच जंतू ओल्या तुसातून एकदम तुटून पडला.

दुसरं कारण त्यांनी सांगितलं ते ऐकून मला आईचं वाक्य आठवलं. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाच्या पोटात बलकाची शिदोरी असते. दोन-तीन दिवस त्यावर निघतात, म्हणून तर ती खोक्यातून लांब पाठवता येतात. पण आतड्यात जिवाणूंची वस्ती नसल्यासारखीच असते. खुडूक कोंबडीखाली जन्मलेलं पिल्लू पहिल्या दिवसापासून आईच्या पिसांत, तिच्या विष्ठेच्या सहवासात, तिने उकरलेल्या मातीत वाढतं. ती चोचीने दाणा उचलून टाकते, कुक् कुक् करून बोलावते, आणि पिल्लू तो टिपतं. या सगळ्यातून आईच्या पोटातले जिवाणू लेकराच्या पोटात जातात. वस्ती आधीच भरली की बाहेरून येणाऱ्या वाईट जिवाणूंना जागा मिळत नाही. यंत्रात जन्मलेल्या पिल्लाचं घर रिकामं असतं. जो आधी येईल त्याचं.

हे नुसतं गावठी शहाणपण नाही. फिनलंडमध्ये १९७१ साली ब्रॉयलर कोंबड्यांत साल्मोनेला या जिवाणूचा मोठा प्रादुर्भाव झाला होता. त्यावर काम करताना नुर्मी आणि रान्ताला या दोन शास्त्रज्ञांनी निरोगी मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातला ऐवज नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना पाजून पाहिला. त्या पिल्लांत साल्मोनेलाला सहजी शिरकाव मिळाला नाही. १९७३ साली 'नेचर' या नियतकालिकात त्यांनी ते प्रसिद्ध केलं. पुढं याच विचारातून पिल्लांना पहिल्या दिवशी द्यायची जिवाणूंची तयार मिश्रणं निघाली.

इथं एक सावधगिरीची सूचना. हे वाचून कुणी मोठ्या कोंबड्यांची विष्ठा पिल्लांना घालायला जाऊ नये. तिच्यात जंत असतात, कॉक्सिडिया असतात, आणखी रोग असू शकतात. संशोधकांनी वापरला तो ऐवज पारखलेल्या, निरोगी पक्ष्यांचा होता. आपल्याकडं मोठ्या कोंबड्या आणि पिल्लं वेगळीच ठेवावीत. आणि जवारीचं कौतुक करताना हेही सांगायला हवं, की मानमोडी आली तर ती जवारी-गिरिराजा पाहत नाही. लस नसेल तर खुराडंच्या खुराडं रिकामं होतं. आईचंही एकदा झालं होतं.

पुडीची सवय

दुकानातल्या पुडीला नुसती दुकानदाराची चूक म्हणून सोडून देता येत नाही. तिच्यामागं मोठा इतिहास आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत असं आढळलं, की खाद्यात प्रतिजैविक थोडंसं मिसळलं तर कोंबडीची पिल्लं लवकर वाढतात. तिथून निरोगी पक्ष्यांनाही रोजच्या खाद्यातून ही औषधं देण्याची रीत जगभर पसरली. आतड्यातले जिवाणू त्याला सरावतात, औषधाला दाद देईनासे होतात. असे जिवाणू कोंबडीच्या पोटातच राहतील असा काही नियम नाही. ते कापणाऱ्याच्या हातावर येतात, शेतात टाकलेल्या खतातून पसरतात, आणि मग माणसाच्या दवाखान्यात डॉक्टरांचं औषध चालेनासं होतं.

स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठी प्रतिजैविकं वापरणं बंद केलं, युरोपीय संघाने २००६ च्या जानेवारीपासून. ते सोपं गेलं नाही. काही ठिकाणी कोंबड्यांत आतड्याचे रोग आधी वाढले, आणि मग तूस, हवा, दाटी, खाद्य याकडं नव्याने लक्ष द्यावं लागलं. आपल्याकडं २०१९ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने कोलिस्टिन या औषधाचा जनावरं, कोंबड्या आणि मत्स्यपालनातला वापर बंद केला. माणसांत बाकीची औषधं हरतात तेव्हा डॉक्टर जे शेवटी हाती घेतात, त्यांपैकी ते एक. म्हणून परड्यातल्या शेडचा हिशेब फक्त त्या शेडपुरता राहत नाही. ज्या घरात कोंबडी आहे त्याच घरात नातवंडंही आहेत.

दुसरी खेप

भाचा खचला होता. बहीण म्हणाली, "नको आता ते." मीही तसंच म्हणणार होतो. पण आई म्हणाली, "पोरगं चुकलं ते शिकलं बी. आणि एकदा करू दे." पावसाळा सरल्यावर, २०२३ च्या ऑक्टोबरात दुसरी खेप आली. या वेळी पिल्लं दोनशेच.

आधीच्या तुसाचा कणही ठेवला नाही. शेड धुऊन, वाळवून, चुना मारून महिनाभर रिकामी ठेवली. नवा कोरडा तूस दोन-तीन इंच पसरला. रोज सकाळी दाताळ्याने तो वरखाली करायचा. मूठभर घेऊन दाबायचा. गोळा झाला तर ओला, मूठ उघडताच विस्कटला तर बरोबर. अव्वांनी एका झटक्यात केली ती हीच परीक्षा. पाण्याची भांडी पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला टांगली, म्हणजे सांडत नाही आणि विष्ठाही पडत नाही. भांडी रोज घासायची. भांड्याच्या आतला बुळबुळीत थर म्हणजे जंतूंची वस्तीच. पडदे वरून उघडे, म्हणजे कोंदट हवा निघून जाते. डॉक्टरांच्या सल्ल्याने पहिल्या दिवसांत उपयोगी जिवाणूंचं मिश्रण दिलं, आणि लसी वेळेवर.

रात्री भाचा आठ-दहा पिल्लं हातात घेऊन गळ्याखालची पिशवी चाचपतो. झोपताना ती भरलेली आणि मऊ लागली पाहिजे, सकाळी रिकामी. सकाळीही घट्ट गोळा लागला तर काहीतरी अडकलंय. आंबट वास आला तर आतलं खाणं नासलंय.

विष्ठा वाचायलाही तो शिकला. करडी-तपकिरी, वर पांढरी टोपी, ती निरोगी. ती पांढरी टोपी म्हणजे कोंबडीची लघवी. तिला वेगळी वाट नाही. अधूनमधून गडद तपकिरी, चिकट, फार घाण वासाची विष्ठा पडते. नवखा माणूस तिला हगवण समजून पुडी आणायला धावतो. ती अंधनालातली, रोजचीच असते. ती दिसणं चांगलंच. लाल दिसलं, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर. हिरवट पातळ आणि पक्षी मान टाकतोय, तरीही डॉक्टर. एकाएकी बरेच पक्षी मेले, तर ते स्वतः कापून बघू नयेत; पशुसंवर्धन खात्याला कळवावं.

पिल्लं मोठी झाल्यावर जोंधळा, मका असं अख्खं धान्य सुरू केलं, तेव्हा बारीक खडीचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवला, पेट्यातल्या जात्यासाठी. शिंपल्याचा चुरा अंड्यावर आलेल्या कोंबड्यांनाच. लहान पिल्लांना जादा चुनखडी मिळाली तर मूत्रपिंडं बिघडतात. आई पाण्यात ताक घालायला सांगते. डॉक्टर म्हणाले, थोडं घाला, पण औषध समजून घालू नका, आणि भांडं संध्याकाळी धुवा.

दुसऱ्या खेपेत सात पिल्लं गेली. फायदा बेताचाच झाला. पण बचत गटाचा हप्ता सुटला आणि माझे काही पैसे परत आले. सगळे अजून आलेले नाहीत. सौ. विचारत नाही, आणि मीही विषय काढत नाही.

मागच्या दिवाळीत गावाकडं सगळे जमलो होतो. पायरीवर आई आणि अव्वा. समोर आईची एक कोंबडी पिल्लं घेऊन उकरत होती. मांजर जवळ आलं, तशी ती पंख फुलवून अंगावर धावली. अव्वा म्हणाल्या, "हेत्त करुळु." जन्म देणाऱ्या आईच्या मायेला कानडीत हाच शब्द आहे, आणि करुळु म्हणजे आतडं. रक्ताच्या नात्यालाही ते करुळबळ्ळी म्हणतात, आतड्याची वेल. माझ्या मुलीने तो आईला मराठीत सांगितला. आई म्हणाली, "मग आम्ही काय वेगळं म्हणतो? लेकरासाठी आतडंच तुटतं."

मराठी शिकवताना मी हा वाक्प्रचार कैक वर्षं फळ्यावर लिहीत आलो आहे. माया आतड्यातच का, काळजात का नाही, असं एकदा वर्गात एका मुलीने विचारलं होतं. मला तेव्हा उत्तर देता आलं नव्हतं. आता ती भेटली, तर तिला आमच्या परड्यातली ती खुडूक कोंबडी दाखवीन.

तेवढ्यात भाचा शेडमधून बाहेर आला. हातात मूठभर तूस होता. तो त्याने अव्वांच्या पुढं धरला. अव्वांनी दाबून पाहिला, मूठ उघडली, तूस वाऱ्यावर विस्कटून गेला. त्या काही बोलल्या नाहीत, नुसती मान हलवली. तो परत आत गेला.